लुम्नेत्सिया: गुराढोरांवर उभी असलेली गावे

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डन प्रांतातील लुम्नेत्सिया खोऱ्यात जाण्यासाठी कूर येथे मोठी रेल्वे सोडून रेटियन रेल्वेची लाल गाडी धरावी लागते. ही गाडी इलांत्सला पोहोचेपर्यंत ऱ्हाइनच्या रुइनाउल्टा घळीतून जाते. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी फ्लिम्सजवळचा डोंगर कोसळला आणि त्या प्रचंड ढिगाऱ्यातून नदीने जी वाट कापली ती ही घळ, त्यामुळे या टप्प्यात खिडकीजवळची जागा अवश्य मिळवावी. इलांत्स स्थानकावरून पिवळी पोस्टबस तासाभरात खोऱ्याच्या टोकाला, व्रिनला पोहोचवते. स्विस ट्रॅव्हल पास या दोन्हींवर चालतो. वाण्याचे सामान मात्र इलांत्सलाच घ्यावे, कारण पुढच्या गावांत दुकाने थोडी आणि लहान आहेत, दुपारी ती बंद होतात आणि रविवारी त्यांचा भरवसा धरता येत नाही.

कुम्बेल, मोरिस्सेन, व्हेला, देगेन, व्हिन्योन्य, लुम्ब्राइन, सुराउवा आणि व्रिन या आठ स्वतंत्र पालिका १ जानेवारी २०१३ रोजी एकत्र येऊन लुम्नेत्सिया ही पालिका झाली. कारभार एक झाला तरी प्रत्येक गावाचे चर्च, पाण्याचा हौद आणि भोवतालची गवताची शेते वेगळी आहेत, आणि एका गावातून दुसरे गाव बहुधा समोरच्या उतारावर दिसत असते. म्हणूनच हे खोरे बसने एका फेरीत पाहून परतण्यापेक्षा व्हेला किंवा लुम्ब्राइनला मुक्काम करून गावागावांतून पायी हिंडावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. व्हेलाजवळ प्लाइफ येथे सेंट व्हिन्सेंटचे जुने चर्च आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या या खोऱ्यात १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईचे भले मोठे चित्र पाहायला मिळते, एवढ्यासाठी तरी तेथे थांबावे.

आम्ही जुलैत गेलो तेव्हा गवताची कापणी ऐन भरात होती. उतार इतके तीव्र आहेत की अनेक ठिकाणी मोठे यंत्र चालतच नाही. हाताने ढकलायच्या यंत्राने गवत कापायचे आणि मग घरातल्या लहानथोरांनी दाताळ्यांनी ते खाली ओढून आणायचे. हे गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा असल्यामुळे, शेत कितीही मोकळे दिसले तरी पिवळ्या पाट्यांनी दाखवलेली पायवाट सोडून त्यात शिरू नये. कुरणाचे फाटक उघडले तर आपल्या मागे लावून घ्यावे आणि वासरांसह चरणाऱ्या गाईंना लांबून वळसा घालावा, कारण वासराजवळ अनोळखी माणूस गेलेला त्या सहन करत नाहीत. येथे घरोघरी रोमान्श बोलली जाते. वाटेत भेटणाऱ्याला ‘बियेन दी’ म्हणून अभिवादन केले की समोरचा माणूस हमखास थांबून दोन शब्द बोलतो.

सर्वांत अधिक वेळ व्रिनसाठी राखून ठेवावा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंचीवरचे हे गाव पाहताना प्रथम काही विशेष जाणवत नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. गाव ओस पडेल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा १९७९ मध्ये ‘प्रो व्रिन’ ही संस्था स्थापन झाली. बांधकामाची जमीन बाहेरच्या सट्टेबाजांच्या हाती जाऊ नये आणि शेतकऱ्याला गावातच राहून शेती करता यावी, यासाठी गावाने पुढची अनेक वर्षे नेटाने काम केले. याच गावात जन्मलेले वास्तुविशारद ज्योन कामिनादा यांनी ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत गुंतवण्याच्या स्थानिक पद्धतीनेच नवी घरे, गोठे आणि खाटीकखाना बांधला. हा खाटीकखाना मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे जनावर दूरच्या शहरात न पाठवता मांस गावातच तयार होते आणि त्याचा पैसा शेतकऱ्याकडे राहतो. या कामासाठी व्रिनला १९९८ चा वाकर पुरस्कार, म्हणजे गावांच्या बांधणीची जपणूक करणाऱ्या पालिकांना दिला जाणारा स्विस सन्मान, मिळाला. चर्चजवळ २००२ मध्ये बांधलेले ‘स्तिवा दा मोर्त्स’ हे लाकडी घर गावकऱ्यांना आपल्या मृतांचा निरोप घेता यावा यासाठी आहे. ते बाहेरून शांतपणे पाहावे आणि तेथे कुणी शोकात असतील तर त्या बाजूला फिरकू नये. गोठ्यांचेही तसेच: ती माणसांची रोजची कामाची जागा आहे, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची चौकशी आधी करावी. चार्ड या पालेभाजीच्या पानांत पीठ गुंडाळून केलेले कापुन्स हा येथील खास पदार्थ, पण त्याच्या सारणात बहुधा वाळवलेले मांस असते, आणि सातूच्या सूपमध्येही ते घालतात. कापुन्स मांसाशिवायही करता येतात. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

चालण्याची सवय असलेल्यांनी व्रिनहून ग्राइनाच्या पठारावर जावे. वाट पुत्साच या वस्तीवरून २,४२८ मीटर उंचीच्या डीसरुट खिंडीत चढते आणि पलीकडे झरे, दलदल व गवत यांचे विस्तीर्ण, निर्जन मैदान उघडते. येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधून हे पठार बुडवण्याची योजना होती. तीव्र विरोधानंतर १९८६ मध्ये ती सोडून देण्यात आली. विजेपासून मिळणारे उत्पन्न गमावलेल्या व्रिन आणि पठारापलीकडच्या सुम्वित्ग या पालिकांना पुढे केंद्र सरकारकडून भरपाई मिळू लागली, आणि हा निर्णय मला अत्यंत न्याय्य वाटतो, कारण निसर्ग राखण्याची किंमत केवळ डोंगरातल्या गरीब गावांनी मोजावी असे होता कामा नये.

ही वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांची, म्हणजे डोंगरी आहे. चांगले बूट हवेत, जुलैच्या सुरुवातीलाही खिंडीत बर्फ असू शकतो आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून पहाटे निघावे. मुक्कामासाठी स्विस अल्पाइन क्लब या गिर्यारोहण संस्थेची ‘तेरी’ नावाची झोपडी आहे. तेथील जागा आधीच राखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी व्रिनला परतण्याऐवजी सुम्वित्गच्या खोऱ्यातून राबियुस-सुराइन स्थानकाकडे उतरता येते. तेथून रेल्वे थेट इलांत्सला येते, त्यामुळे असा बेत असेल तर जड सामान व्रिनला न नेता इलांत्सलाच ठेवावे.