११ का लागत नाही?

मंगळवार, रात्री साडेअकरा

चौथा दिवस. रिमोटच्या मेमरीत मी लिहिलेला असेंब्लीचा, म्हणजे थेट चिपच्या सूचनांत लिहिलेल्या कोडचा, तुकडा बसलाय, जेमतेम सत्तर बाइटचा, आणि तो काही ऐकत नाहीये. टीव्ही जुना, आरसी-५ ही रिमोटची संकेतभाषा समजणारा. या रिमोटला ती भाषा येत नव्हती, म्हणून मीच शिकवायला घेतली. हौस, दुसरं काय!

लक्षण असं की सगळी बटणं चालतात, पण मध्येच एखादं दाबणं गिळलं जातं. आवाज कमी-जास्त मात्र झकास होतो. त्या आवाजानेच मला फसवलं. वाटलं, वेळेचं गणित कुठेतरी काठावर असणार. आरसी-५ मध्ये एक बिट १.७७८ मिलिसेकंदांचा, त्याच्या बरोबर मध्यावर सिग्नल पालटतो, आणि खाली ३६ किलोहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी प्रकाशाची जलद उघडझाप. लूपमधल्या एकेका सूचनेच्या सायकली मोजत बसले. तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडून फ्रेम, म्हणजे रिमोटने पाठवलेले एकेक पूर्ण संदेश, पकडल्या. (रिसीव्हरचं आउटपुट उलटं असतं, प्रकाश आला की खाली जातं. हे विसरून एक अख्खी संध्याकाळ शून्याला एक वाचत होते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.) वेळा सगळ्या चोख निघाल्या.

आज जेवताना बाबा सहज म्हणाले, "अगं, १२ नंबरचा चॅनल लागतो, २१ लागतो. ११ नाही लागत. २२ पण नाही."

घास हातातच राहिला.

आरसी-५ च्या १४ बिटांत पहिले दोन सुरुवातीचे, मग एक टॉगल बिट, मग पाच पत्त्याचे, सहा आज्ञेचे. बटण नव्याने दाबलं की टॉगल पालटायचा, धरून ठेवलं तर तसाच राहायचा. टीव्हीला त्यावरूनच कळतं की हे दुसऱ्यांदा दाबलंय की बोट अजून उचललेलंच नाही. माझ्या पकडलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये तो १ होता. डोळ्यांसमोर होता आणि मी 'बरोबर' म्हणून पुढे गेले होते. आवाजाला काय फरक पडणार, बटण धरून ठेवलं तरी तो वाढतोच.

कोडमध्ये पालटायची ओळ होती की! हेक्स २० शी एक्सऑर, म्हणजे तेवढा एकच बिट उलटा करायचा, अगदी शिस्तीत. पण निकाल ठेवत होते कच्च्या कामाच्या बाइटमध्ये, आणि झोपेतून उठल्यावर रिमोटचा मूळ प्रोग्राम तो बाइट पुसून टाकतो. म्हणजे दर वेळी शून्यापासून सुरुवात आणि दर वेळी उत्तर एकच.

बाइट बदलला, न पुसला जाणारा शोधला. घाईत पालटायची ओळ मात्र चिकटवली पुन्हा पाठवण्याच्या लेबलखाली, म्हणजे बटण धरलेलं असताना फिरत राहणाऱ्या लूपच्या आत. आता दर ११४ मिलिसेकंदांनी जाणारी प्रत्येक फ्रेम म्हणजे नवं दाबणं.

"११ लागला," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "आता १ लागत नाही."

ओळ लेबलच्या वर नेली. दोन्ही लागतात.

बाबा अजून बाहेर ४४, ५५, ६६ दाबून बघतायत. तिथे चॅनलच नाहीत.