साडेतीन मिलिमीटर

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास डॉक्टरांची स्कोडा ऑक्टाव्हिया माझ्या भोसरीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढली, तेव्हा संध्याकाळपर्यंत ती नव्या ब्रेकसह घरी जाईल, अशी आम्हा दोघांचीही खात्री होती. प्रत्यक्षात ती पुढचे तेवीस दिवस माझ्याकडेच राहिली. त्याचे कारण चाकाच्या आतल्या अंगाला होते आणि ते मला सकाळीच दिसायला हवे होते.

डॉक्टर दर पंधरवड्याला पाचगणीला आईवडिलांकडे जातात. परतताना पसरणी घाट उतरून वाईत येईपर्यंत ब्रेकचे पेडल मऊ पडते आणि दोनदा दाबल्याशिवाय गाडी धरत नाही, ही त्यांची तक्रार होती. मी आधी ब्रेक ऑइल पाहिले. ते काळपट झाले होते आणि चार वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. डॉट ४ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. पण ते हवेतला ओलावा शोषत राहते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरले की कॅलिपरमधले, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीतले, ऑइल तेवढे सहज तापते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल पायाखाली खचते. "डॉक्टर, निम्मे दुखणे इथेच आहे. आधी ऑइल आणि पॅड बदलू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवत चला आणि महिनाभर बघा," असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण मोठ्या ब्रेकचे किट त्यांनी आधीच मागवून ठेवले होते, आणि ते खोक्यातून काढून पाहिल्यावर मलाही नाही म्हणवले नाही.

किट खरोखर विचारपूर्वक बनवलेले होते. कंपनीची पुढची डिस्क ३१२ मिलिमीटर व्यासाची आणि २५ मिलिमीटर जाडीची होती. किटमधली ३४५ मिलिमीटरची आणि २८ जाडीची. मूळ कॅलिपरला ५४ मिलिमीटरचा एकच पिस्टन, म्हणजे सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. नव्या कॅलिपरला चार पिस्टन, प्रत्येक बाजूला एक ३६चा आणि एक ४०चा, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ २२.७५. हे दोन आकडे जुळतात की नाही, ते मी प्रत्येक किटमध्ये पहिल्यांदा पाहतो, कारण पिस्टन फार मोठे असले की मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलने चालणाऱ्या पंपाला, जास्त ऑइल ढकलावे लागते, पेडल खोल जाते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. डिस्क मोठी झाली म्हणून गाडी कमी अंतरात थांबेल, असे मात्र कोणी समजू नये. एकदाच जोरात ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबणार, हे शेवटी टायरची पकड ठरवते. जाड आणि मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते आणि लवकर सोडते, हा तिचा खरा फायदा, आणि घाट उतरताना नेमका तोच लागतो.

डॉक्टरांची एकच अट होती : चाके कंपनीचीच राहिली पाहिजेत. चाकाचा आणि टायरचा आकार बदलला की विम्याच्या दाव्याला फाटे फुटतात, ही त्यांची भीती रास्त होती. ब्रेकच्या बदलाविषयी विमा कंपनीला लेखी कळवायला मी त्यांना सांगितले होते आणि त्या पत्राची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे.

आता अडचण अशी की, सतरा इंची चाक म्हणजे आत सतरा इंचांची जागा नव्हे. सतरा इंच हा आकडा टायर जिथे बसतो त्या कडेचा व्यास सांगतो. टायर चढवता यावा म्हणून रिमला मधोमध खोलगट घळ दिलेली असते, तिच्यावर धातूची जाडी असते, आणि हे सारे वजा जाता उरलेल्या पोकळीत कॅलिपर मावावा लागतो. तो दोन ठिकाणी अडू शकतो : बाहेरच्या बाजूला आऱ्यांच्या पाठीवर, किंवा वरच्या बाजूला रिमच्या आतल्या भिंतीवर. आऱ्यांना अडत असेल तर हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग, आणि चाक यांच्यामध्ये स्पेसरची चकती घालून चाक बाहेर सरकवता येते. भिंतीला अडत असेल तर स्पेसरचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो, कारण चाक बाहेर सरकले तरी भिंत हबच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावर राहते. गिऱ्हाईक सोडाच, काही मेकॅनिकसुद्धा या दोन अडचणींवर एकच इलाज सांगतात.

किट बनवणारे कॅलिपरच्या बाह्याकृतीचा पूर्ण मापाचा नकाशा देतात. तो छापल्यावर प्रिंटरने आकार लहान केला नाही ना, हे कागदावरच्या रेघेला पट्टी लावून पाहावे लागते. मी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापला आणि पुढच्या डाव्या चाकात हबच्या छिद्रावर टेकवून पूर्ण फिरवला. आऱ्यांपासून चार मिलिमीटर आणि भिंतीपासून साडेतीन मिलिमीटर मोकळे राहत होते. मी तीनच्या खाली काम घेत नाही, त्यामुळे हे पुरेसे होते. साच्याच्या आड येत असलेली बॅलन्सिंगची चिकटवलेली वजने तेवढी काढून पलीकडे लावून घ्यायची, असे ठरले.

इथे माझी चूक झाली. चारही चाके एकाच कारखान्यातली, एकाच नंबरची आणि एकाच दिवशी पॉलिश केल्यासारखी चकचकीत होती, म्हणून मी साचा एकाच चाकात फिरवला.

दुपारी तीनपर्यंत ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर आणि ब्रेक ऑइलचे जाळीचे होज बसले. स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि चाक लोंबकळत ठेवून होज कुठे ताणला जात नाही, हे पाहिले. नवे ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली आणि चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळले. हाताने फिरवल्यावर दोन्ही चाके बिनआवाज फिरली. मग मी पॅड बसवून घ्यायला गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली : साठपर्यंत वेग न्यायचा, दहापर्यंत आणायचा, पूर्ण थांबवायची नाही, आणि असे आठ-दहा वेळा करायचे, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. पेडल उत्तम होते, घट्ट आणि वर. परतताना गोलाकार वळणावर गाडी डावीकडे वळवली आणि पुढच्या उजव्या बाजूने, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, "खर्र" असा बारीक आवाज आला. गाडी सरळ होताच तो थांबला. मी पंधराच्या वेगाने गॅरेजला आलो.

चाक उतरवून बॅटरीच्या उजेडात पालथे धरले. आतल्या भिंतीवर तळहाताएवढ्या लांबीची, चांदीसारखी चमकणारी ओरखड्याची कमान होती. कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यावरचा लाल रंग तेवढ्याच रुंदीत उडाला होता. बाकीच्या भिंतीवर एक डागही नव्हता. मी मुलीची खेळायची क्ले डब्यातून आणली, कॅलिपरच्या माथ्यावर चिकटवली, चाक चढवून सावकाश एक फेरा दिला आणि उतरवून क्लेचा पिचलेला थर ब्लेडने कापून व्हर्निअरने मोजला. तो आठ दशांश मिलिमीटर भरला.

ओरखड्याच्या जागेवरचा रंग पातळ थिनरने पुसला तेव्हा कारण समोर आले. रिमच्या आतल्या कडेपासून निघून मध्यापर्यंत आलेली जुनी चीर होती आणि तिच्यावर आतून वेल्डिंगची जाड ओळ घातलेली होती. बाहेरून, म्हणजे टायरच्या बाजूने, ती घासून नेमकी गोल केली होती, त्यामुळे टायर नीट बसत होता, बॅलन्सिंग होत होते आणि स्टीअरिंगला कंप नव्हता. आतून मात्र ती अर्धवट घासून वर चंदेरी रंग मारला होता. कंपनीच्या छोट्या कॅलिपरला तिच्याशी काही देणेघेणे नव्हते, म्हणून ती कोणाला कधी जाणवली नाही. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकावर आले, रिम आणि बेअरिंग किंचित लवले, आणि उरलेले ते अंतर संपले. डॉक्टरांनी ही गाडी दीड वर्षापूर्वी जुनी घेतली होती. चाक कोणत्या खड्ड्यात फुटले आणि कोणी जोडले, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

माझा सहकारी म्हणाला, "दादा, ती वेल्डिंगची ओळ दोन मिलिमीटर घासून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे." मी नको म्हटले, कारण त्या चिरेला धरून ठेवणारी तीच एक गोष्ट होती. कॅलिपरचा कोपरा घासणे तर त्याहून वाईट. हजारो वेळा दाब सोसणाऱ्या वस्तूची भिंत आत किती जाड आहे, हे बाहेरून कळत नाही. तोपर्यंत डॉक्टर आले. त्यांना चाक दाखवले, क्लेचा तुकडा हातात दिला, आणि सकाळी चारही चाके मोजायला हवी होती, ती मी मोजली नाहीत, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग हे चाक मागे लावा ना. मागे तर भरपूर जागा आहे."

हा प्रश्न बिनचूक होता, आणि जागेपुरते ते बरोबरच बोलत होते. पण अलॉय चाक ओतल्यानंतर त्याला ठरावीक तापमानाला तापवून आणि निववून बळकटी दिलेली असते. त्याच्यावर वेल्डिंग केले की टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, आणि पूर्ण चाक पुन्हा त्या प्रक्रियेतून काढल्याशिवाय ती बळकटी परत येत नाही. "डॉक्टर, मोडलेलं हाड नीट न बसवता वरून नुसतं प्लास्टर केलेला पेशंट तुम्ही पळायला सोडाल का?" असे मी विचारले. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि ते रिक्षाने घरी गेले.

नवे चाक अधिकृत विक्रेत्याकडून यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात मी उरलेली तिन्ही चाके टायर काढून तपासली. प्रत्येकाच्या आतल्या भिंतीवर आठ-आठ ठिकाणी माप घेतले आणि ते खडूने तिथेच लिहिले. सर्वांत कमी ३.३ आणि सर्वांत जास्त ३.६ भरले. नव्या चाकाचे माप सगळीकडे ३.५ आले. क्ले पुन्हा लावली, त्याच वळणावर गाडी मुद्दाम त्याच वेगाने चार वेळा फिरवली आणि चाके उतरवून पाहिली. क्लेवर नखाएवढाही ओरखडा नव्हता.

गाडी देण्याआधी एक गोष्ट उरली होती. डिकीतली लोखंडी रिमची स्टेपनी या मोठ्या कॅलिपरवर चढतच नव्हती. मी लावून पाहिली, ती हबपासून बोटभर दूरच अडली. म्हणजे पुढचे चाक रात्री घाटात पंक्चर झाले तर आधी मागचे चांगले चाक काढून तिथे स्टेपनी लावायची आणि मग ते मागचे चाक पुढे न्यायचे. हे नुसते सांगून भागणार नव्हते. मी डॉक्टरांना गॅरेजच्या अंगणात गाडीच्याच जॅकने आणि गाडीच्याच पान्याने हा सगळा खटाटोप स्वतः करायला लावला. उन्हात त्यांना सदतीस मिनिटे लागली. शर्टाच्या बाहीने घाम पुसत त्यांनी जॅक पुन्हा डिकीत ठेवला, त्याच्याशेजारी चाकाखाली लावायला मी दिलेली दोन लाकडी उटी नीट कोंबली आणि पाचगणीला फोन लावून आईला सांगितले की, या शनिवारी येतोय.