कुठल्या पानावर?

‘अहो, भुताखेतांच्या गोष्टींचा अभ्यास कसला करायचा?’ हा प्रश्न माझ्या पाचवीला पुजलेला आहे. परवा बँकेच्या रांगेत एका ओळखीच्या बाईंनी विचारला, वर ‘या वयात!’ हेही जोडलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ड्रॅक्युलाच्या नादी लागलेली मंडळी म्हणजे काळे झगे, तोंडाला पांढरी पावडर आणि प्लॅस्टिकचे सुळे, असंच मलाही आधी वाटायचं. तशी ती आहेतही. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताची, कादंबरी १८९७ च्या मे महिन्यात छापून आली. तिला सव्वाशे वर्षं झाली म्हणून २६ मे २०२२ ला इंग्लंडमधल्या व्हिटबी गावी, पडक्या मठाच्या आवारात १,३६९ माणसं व्हॅम्पायर बनून जमली आणि गिनेस बुकात गेली. नियम असा की सुळे वरच्याच दातांना हवेत. तेव्हाच मला शंका आली, ही माणसं दिसतात तेवढी सैल नाहीत.

ड्रॅक्युला म्हणजे रुमानियातला तो क्रूर व्लाद, हे आपण सगळेच ऐकून असतो. रेमंड मॅकनॅली आणि रादू फ्लोरेस्कू या दोन प्राध्यापकांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहून ते घरोघरी पोचवलं. मजा म्हणजे फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयातली स्टोकरची या कादंबरीसाठीची कच्ची टिपणं उजेडात आणली तीही याच दोघांनी. आणि ती टिपणं त्यांच्यावरच उलटली! एलिझाबेथ मिलर या कॅनडातल्या बाईंनी पान न् पान तपासलं. माणसं सुळावर देणाऱ्या व्लादचा त्यात उल्लेखच नाही. स्टोकरने कादंबरीतल्या आपल्या रक्तपिपासू सरदाराचं नाव आधी चक्क ‘व्हॅम्पिर’ ठरवलं होतं. १८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबीला सुट्टीवर आला, तिथल्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनचं १८२० सालचं वालाकियावरचं (म्हणजे आजच्या रुमानियातल्या एका भागावरचं) पुस्तक त्याच्या हाती पडलं. त्यातल्या एका तळटीपेत होतं, की वालाकियन भाषेत ‘ड्रॅक्युला’ म्हणजे सैतान. स्टोकरने ते उतरवून घेतलं, आणि सरदाराला नाव मिळालं. इतकी जगप्रसिद्ध कादंबरी, आणि नाव तळटीपेतलं. (तळटीपा न वाचणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता माझी फजिती. भाची लीड्सला असते, तिने मला व्हिटबीला नेलं. समुद्रावर पलीकडच्या कड्याकडे तोंड करून एक बाक आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ सँडविच खात बसले होते. लंडनला १९७३ पासून ड्रॅक्युला सोसायटी आहे, तिचे जुने सभासद. मी उत्साहाने माझा लाडका सिद्धांत मांडला: ड्रॅक्युलाचा आजोबा आपला वेताळ! रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, नावातच व्हॅम्पायर घातला. स्टोकर बर्टनला भेटलेला. बोलताना बर्टनचा ओठ वर जायचा आणि सुळा खंजिरासारखा चमकायचा, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. आणखी काय हवं?

त्यांनी शांतपणे घास गिळला. ‘छान आहे. टिपणांत कुठल्या पानावर?’

कुठल्याच नाही. सुळ्याच्या त्या आठवणीही १९०६ च्या, म्हणजे कादंबरीनंतर नऊ वर्षांनी छापलेल्या. शिवाय आपला वेताळ रक्त कुठे पितो? तो कोडी घालतो. दिवाळी अंकासाठी लिहून ठेवलेला लेख बासनात गेला. चार दिवस मी त्या गृहस्थांवर मनातल्या मनात चिडलेही. पण खरं सांगू? लग्नाकार्यात पुरावा मागितला की लोक तोंड फिरवतात. इथे भुताच्या गोष्टीलाही पान क्रमांक मागणारी माणसं भेटली, म्हणून मी त्यांच्यात रमले. भीतीसाठी नाही. भीती काय, रात्री लाइट गेले तरी वाटते.

त्या दिवशी निघताना विषय बदलावा म्हणून म्हटलं, ‘इथल्या कड्यावरच्या चर्चच्या पायऱ्या १९९ म्हणतात, मी मोजल्या तर १९७ भरल्या.’

‘खालून मोजल्यात की वरून?’

‘वरून. उतरताना.’

‘मग पहिली कुठली धरलीत?’

भाची गाडीची चावी वाजवत उभी होती. मी तिला दहा मिनिटं थांब म्हटलं आणि पूल ओलांडून परत पायऱ्यांकडे निघाले.