पात्रादेवी ओलांडून सायबाकडे

१ डिसेंबर २०२४. पहाटे चारला सावंतवाडीहून निघालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो, दहा कॅथलिक आणि मी. पंढरीची वारी दोनदा केलेली, त्यामुळे जुन्या गोव्यापर्यंतचे सत्तरेक किलोमीटर म्हणजे काय मोठंसं, असा तोरा होता. तो बांद्याच्या अलीकडेच उतरला. वारीत टाळ-मृदंग पाय ओढून नेतात. इथे हायवेचं डांबर, डिसेंबरातही चटका देणारं ऊन आणि कानाशी घासून जाणारे ट्रक. मधूनच कुणीतरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायचं. एक अख्खा तेर्स संपेपर्यंत साधारण सव्वा किलोमीटर होतं, हे मी मोजून ठेवलंय.

मला ओढून नेलं शेजारच्या काकांनी. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. "सायब जलमभर दर्यातच फिरलो. दर्यातल्या पोरांक तोच सांभाळता," हे त्यांचं गणित. सायब म्हणजे गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर.

पात्रादेवीला काकांनी टोपी काढली. १९५५ मध्ये गोवामुक्तीचे सत्याग्रही इथेच पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले, त्यांचं स्मारक आहे. हद्द ओलांडली तरी बोलीत काही बदल नाही, फक्त पाट्या बदलतात.

ज्याच्याकडे निघालो होतो तो माणूस मात्र आयुष्यभर हद्दींवरच राहिला. स्पेनच्या उत्तरेकडच्या नव्हारात जन्म, पॅरिसला शिक्षण, ६ मे १५४२ ला गोव्यात पाऊल. गोव्याचा म्हणवतो, पण गोव्यात फार टिकला असा कधी नाहीच. काही महिन्यांत तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवरांच्या गावांत. मग मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ मध्ये जपान. म्हणजे जिथवर पोर्तुगीज जहाजं पोचायची, तिथून आणखी थोडं पुढे.

आणि भाषा? मला याच गोष्टीचं सगळ्यात नवल वाटतं. तमिळ येत नव्हतं, म्हणून प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या आणि घंटा वाजवत गावोगाव म्हणत फिरला. बाप्तिस्मे देऊन देऊन हात दुखून येतात, असं १५४४ च्या पत्रात लिहिलंय. जपानात तर कहरच झाला. दुभाष्याच्या सल्ल्याने त्याने देवासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरला. बौद्ध भिक्षू खूश, कारण दाइनिची हा त्यांचाच बुद्ध! चूक कळल्यावर पुन्हा रस्त्यावर उभं राहून 'दाइनिचीला भजू नका' असं सांगायची पाळी आली. त्याच्यानंतर १५७९ मध्ये आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने आपली मराठी इतकी आपलीशी केली की चक्क ओव्या रचल्या. झेवियरला तेवढी उसंत नव्हती, आणि मला वाटतं तेवढा धीरही नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हापशात चहाला टेकलो. टाचेचा फोड सुईने फोडताना मनातलं बोलून टाकलं, की काका, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आणा म्हणून याच तुमच्या सायबाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते आलं १५६० मध्ये, तो गेल्यानंतर, पण मागणी त्याचीही होती. इथल्या लोकांनी ते किती सोसलं!

काकांनी पाव चहात बुडवला. "म्हायत आसा. माझ्या आज्याच्या आज्याक कोणी बाटवल्यान ताच तेवढा म्हायत नाय. तरी झील बोटीर चढता तेव्हा तोंडात सायबाचाच नाव येता."

मी फोडावर पट्टी चिकटवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे रायबंदरचा बांध. १६३४ च्या आसपासचा, पोर्तुगीज काळातला सरळसोट रस्ता, बाजूला मिठागरांचा खारट कुबट वास. पुढेमागे शेकडो माणसं, बरीच अनवाणी. तारीख ३ डिसेंबर, त्याच्या मृत्यूचा दिवस. १५५२ साली तो चीनच्या तोंडाशी शांगच्वान बेटावर अडकला होता. परक्यांना चीनमध्ये बंदी. मिरीच्या मोबदल्यात चोरून कँटनला पोचवतो, असं एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केलं होतं. हा वाट बघत राहिला, बोट आलीच नाही. ताप चढला, जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी संपलं. मांस लवकर झडावं, हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरून पुरलं. काही महिन्यांनी उकरलं तर देह तसाच, असं सांगतात. १५५४ मध्ये तो गोव्यात आला.

दहा वर्षांनी होणारं दर्शन त्या वर्षी होतं, म्हणून देह बॉम जेझू चर्चमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणलेला. रांगेबाहेर खाजं विकणाऱ्या बायका आणि नवसाचे मेणाचे हात, पाय, डोळे. काकांनी एक मेणाचा पाय घेऊन माझ्या हातात ठेवला, "तुझ्या फोडांक."

काचेपाशी चार-पाच सेकंद मिळाले. मी पायच बघितले. काळपट, सुकलेले, लहानसे. एका पायाचं बोट एका बाईने दर्शनाच्या वेळी चावून नेलं म्हणतात.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "काय मागलंस गो?"

"परतीच्या एसटीत बसायला जागा."

मिळाली नाही. म्हापशापर्यंत उभ्यानेच आले.