पंचगंगेनं नाही, पुण्याच्या शोरूमनं बुडवलं होतं : आमची वाटचाल

कोल्हापुरात बुरुडकाम म्हटलं की लोकांना सूप, डालगं, रोवळी आणि लग्नातली दुरडी एवढंच आठवतं. आजोबांनी तेच केलं, आमच्या आण्णांनी तेच. मग प्लास्टिकचे क्रेट आले आणि डालग्यांचं गिऱ्हाईक गेलं, त्यावर रडत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या गल्लीचंच तसं झालं. मधली बरीच वर्षं हॉटेलवाल्यांच्या रोटीच्या टोपल्यांवर निघाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरं सुरू झालं ते क्यूब रॅकपासनं. २०१८ च्या ऑगस्टला हैदराबादला आयकिया हे फर्निचरचं मोठं दुकान आलं, २०२० च्या डिसेंबरला नवी मुंबईत, आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली आपली पोरं घरी येताना ती सुट्ट्या फळ्यांची खोकी गाडीवर बांधून आणायला लागली. ॲलन कीनं स्क्रू आवळले की झालं कपाट, नुसते चौकोनी उघडे कप्पे. उघडा कप्पा म्हणजे पसारा दिसणार, म्हणून त्यात बुट्टी पाहिजे. राजारामपुरीतले एक साहेब रोवळी न्यायला आले आणि म्हणाले, चौकोनी करून देता काय?

आता चौकोनी म्हणजे काय ते ज्यानं विणलंय त्यालाच माहीत. गोल टोपली स्वतःला सांभाळते, चौकोनी बुट्टी भरली की तांबडा-पांढरा हाणलेल्या माणसागत पोट सोडते. मग ती कप्प्याच्या फळीला घासते, अडकते, माणूस हिसडा मारतो आणि बुट्टी एकदम अंगावर येते. हा हिसडा ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यातनंच झालंय.

ह्यावर तोड काढली ती आमच्या सुतारमामांनी. मामा उद्यमनगरात फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी वाळूत ठसा घ्यायचे नमुने, करायचे, हाताला अर्ध्या मिलीमीटरचा हिशेब. मी त्यांना कॅलॅक्सच्या, म्हणजे आयकियाच्या त्या क्यूब रॅकच्या, कप्प्याचं माप दिलं, आतनं ३३ सेंटीमीटर रुंद आणि ३३ उंच, रॅकची खोली ३९. मामांनी सागवानाचा ठोकळा केला, तोंडाला ३२ चा आणि बुडाला ३१ चा, कारण पॅटर्न वाळूतनं सुटायला जसा ड्राफ्ट, म्हणजे उतार, देतात तसा ह्यालाही द्यायला पाहिजे म्हणाले, नाहीतर विणलेली बुट्टी ठोकळ्यावरनं निघायचीच नाही. पुढनं मागं माप ३६ ठेवलं म्हणजे बुट्टी रॅकच्या बाहेर डोकावत नाही आणि येता-जाता गुडघा लागत नाही. त्या उतारामुळं दुसरा फायदा असा झाला की बुट्टी कप्प्यात घासायची बंद झाली. चार कोपऱ्यांना जाड कांब, काठाला वेताची वीण, तार नाही, पिन नाही. तो ठोकळा अजून आमच्याकडं आहे, कडा गुळगुळीत झाल्यात, पण मापात केसाचा फरक नाही. मामा आता नाहीत. भागीदारीचा कागद कधी केला नव्हता, पण त्यांचा हिस्सा शेवटपर्यंत घरपोच गेला, हे लिहून ठेवतो.

माल चालला. पंचगंगेच्या २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराचं पाणी सगळे विचारतात, तर पाणी गोडावूनच्या पायरीपर्यंत आलं, आम्ही बुट्ट्या माळ्यावर टाकल्या आणि पाणी उतरल्यावर खाली काढल्या, विषय संपला. आम्हाला बुडवलं ते पुण्याच्या एका शोरूमनं. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

हा शोरूमवाला क्यूब रॅक विकायचा आणि सोबत आमच्या बुट्ट्या. पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर. मग त्याला दुसरा एक बुट्टीवाला भेटला, आमच्याच ठोकळ्याचं माप फोटोवरनं उचललेला, आणि आमच्या निम्म्या दरात द्यायला लागला. निम्म्या दरात कसं परवडतं? पातळ कामटी, काठाला स्टेपलरच्या पिना, कोपऱ्याला लोखंडी तार. तारेचं टोक सुटलं की बोट कापतं, लॅमिनेटवर रेघा ओढतं आणि पावसाळ्यात गंज धरतं. शोरूमवाल्यानं दोघांचा माल एकाच ढिगात टाकला आणि सगळ्यावर आमचं लेबल लावलं.

मग एका गिऱ्हाइकाच्या घरी उभं रॅक पुढं आलं. वरच्या ओळीत पुस्तकांनी भरलेल्या बुट्ट्या, पोरानं खालच्या कप्प्यावर पाय देऊन वरची बुट्टी हिसडली, बुट्टी आली आणि मागनं रॅक. पोराच्या कपाळाला टाके पडले, देवाच्या कृपेनं तेवढ्यावर भागलं. फोन आला मला. मी म्हटलं फोटो पाठवा. फोटोत काठाला पिना स्वच्छ दिसत होत्या, वेत कुठंच नाही, आणि भिंतीकडं बघितलं तर एक भोक नाही! रॅक भिंतीला बांधलंच नव्हतं. शोरूमची माणसं घरी जाऊन रॅक जोडून आली होती, म्हणजे हे काम त्यांचं. पण दोष कुणाचा? बुट्टीवाल्याचा.

सगळा माल परत. तोही जुलैत, ताडपत्री न टाकलेल्या टेम्पोतनं. बुट्ट्या उतरवल्या तर पांढरी बुरशी, हातात घेतली की वास. आधीच्या खेपेचेही पैसे अडकले. पतसंस्थेचा हप्ता, कारागिरांची मजुरी, आणि तो दुसरा बाबा त्याच आठवड्यात गल्लीत येऊन माझ्याच माणसांना मजुरी वाढवून देतो म्हणायला लागला. दोघं गेले. गेले ते गेले, त्यांनाही घर आहे, पण त्याला मी विसरणार नाही.

त्या वेळी मंगळवार पेठेतल्या बालवाडीच्या बाई उभ्या राहिल्या. आमच्या बुट्ट्या त्यांच्याकडं आधीपासनं होत्या, खेळण्यांसाठी. बाईंनी नवीन वर्गाची ऑर्डर दिली आणि अर्धे पैसे आगाऊ. पण अट घातली, “दादा, पोरं ओढणारच, ओढली तरी खाली पडली नाही पाहिजे.” मी म्हटलं बाई, बुट्टीला काय कुलूप लावू? मग डोकं चाललं. बुट्टीची मागची कड बोटभर उंच विणली आणि कप्प्याच्या वरच्या फळीला पुढच्या बाजूनं खाली एक लाकडी पट्टी मारली. बुट्टी पुढं ओढली की मागची कड पट्टीला अडते, पूर्ण काढायची तर मागनं खाली झुकवून काढावी लागते, ते लहान पोराला जमत नाही. बाईंचं रॅक सुताराकडनं अठरा एमएम प्लायचं होतं म्हणून स्क्रू बसले. कॅलॅक्समध्ये फळीच्या आत कागदी जाळी असते, तिथं मनानं स्क्रू मारला तर धरत नाही, पट्टी चांगल्या डबल टेपनं लावा आणि रॅक भिंतीला बांधायची पट्टी कंपनीनं सांगितलेल्या जागीच.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. भिंतीचे स्क्रू त्या खोक्यात येत नाहीत, कारण प्रत्येकाची भिंत वेगळी. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांत मातीची नाहीतर भुसभुशीत विटेची भिंत असते, तिथं नेहमीचा प्लग फिरतो, मिस्त्रीला दाखवा. कॅलॅक्सच्या एका कप्प्याला १३ किलो सांगितलेत. एका बुट्टीत पुस्तकं गच्च भरली तर वजन वीस किलोच्या पुढं जातं, म्हणजे पुस्तकं उभीच लावा, बुट्टीत खेळणी, कपडे, लोकर असलं हलकं. जड असेल ते सगळ्यात खाली. वरच्या ओळीतल्या दोन-तीन बुट्ट्या एकदम पुढं ओढून ठेवू नका, तोल पुढं येतो. वर पोरांना आवडणारी वस्तू ठेवलीत तर पोरगं चढणार, ह्यात पोराचा काय दोष? चार्जर, राऊटर, इन्व्हर्टरच्या वायरी बुट्टीत कोंबू नका, बांबू वाळलेला असतो. आणि खालच्या ओळीजवळ फडकं पिळून पुसा, भुश्याची फळी एकदा फुगली की परत बसत नाही.

बुट्टीतनं पिवळी पूड पडायला लागली की समजा भुंगा लागलाय. बांबूतल्या पिठूळपणाला तो येतो, म्हणून आम्ही पावसाळा संपल्यावर तोडलेलाच बांबू घेतो आणि कामट्या बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून वाळवतो. त्या निम्म्या दरवाल्याला हे विचारून बघा.

तो आता प्लास्टिकचे डबे विकतो म्हणे. शोरूमवाल्यानं मागच्या वर्षी परत फोन केला होता, गोड बोलत होता. मी म्हटलं आधी जुनं बिल.

ऑर्डर देताना कप्प्याचं माप आतनं घ्या, तिन्ही बाजू, टेप सरळ धरून, आणि रॅक भिंतीला बांधलेल्याचा फोटो पाठवा. फोटो नसेल तर माल निघत नाही, मग कोण कितीही ओळखीचा असो. जून ते सप्टेंबर आम्ही बाहेरगावी बुट्टी पाठवत नाही. दिवाळीला पाहिजे असेल तर आत्ताच सांगून ठेवा.