शाळेत करतो, मग घरी का नाही?

"बाई, शाळेत स्वतःचं स्वतः करतो म्हणता, मग घरी का नाही करत?"

विशेष शिक्षिका म्हणून काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कुठलाच नाही. पालक शाळा सुटताना दारात विचारतात, पालकसभेत विचारतात, रात्री फोन करूनही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न दडलेला असतो. कधी तो असतो, "मुद्दाम करतो का हा?" आणि बरेचदा असतो, "माझंच काही चुकतंय का?" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते. दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवटच राहिलं आहे.

आधी एका मुलाचं सांगते. नऊ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, मोजके शब्द बोलणारा. त्याला हात धुवायला शिकवण्यात आमचे चार महिने गेले. बाह्या वर करणं, नळ सोडणं, साबण घेणं, तळवे चोळणं, बोटांच्या बेचक्या चोळणं, पाणी घेणं, पुसणं. एकेक पायरी सुटी करून शिकवली. त्याच्या तक्त्यावर मी "स्वतः करतो" असं लिहिलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुढच्याच आठवड्यात त्याची आई म्हणाली, "घरी बेसिनपुढे नेलं की रडतो." मी म्हटलं, "घरी सराव घ्या."

ती काहीच बोलली नाही. ते वाक्य मी बोलायला नको होतं, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं.

शाळेतला नळ वरून दाबायचा होता. दाबला की पाणी येतं आणि थोड्या वेळानं आपोआप थांबतं. घरचा नळ फिरवायचा होता. शाळेत पातळ साबणाची बाटली, घरी साबणाची वडी, तीही ओली आणि निसटणारी. शाळेचं बेसिन त्याच्या कमरेएवढं, घरचं छातीपर्यंत. शाळेत टॉवेल उजव्या हाताला, घरी दाराच्या मागे. तुमच्या-माझ्या डोक्यात या सगळ्याला मिळून एकच नाव आहे, "हात धुणं". त्याच्या डोक्यात ते नाव अजून तयार झालं नव्हतं. त्याला येत होतं ते त्या एका नळाशी, त्या एका बाटलीशी करायचं काम. आई सांगत होती की चुकून हात धुतलेच तर नळ तसाच वाहता सोडतो, कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. पण नळ बंद करणं ही पायरी आम्ही त्याला शिकवलीच नव्हती. आमच्या नळाला तिची गरज नव्हती.

असं झालं की मूल हट्टी ठरतं किंवा आई ढिली ठरते. दोघांवरही तो अन्याय असतो.

ही अडचण विशेष शिक्षणाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये आवेरों भागात 1800 साली जंगलातून एक मुलगा माणसांत आला. त्याचं नाव पुढे व्हिक्टर ठेवलं गेलं. ज्यां इतार या तरुण डॉक्टरनं पॅरिसमध्ये त्याला शिकवण्यात काही वर्षं घालवली आणि त्यावर दोन अहवाल लिहिले. इतारनं त्याला लिहिलेला शब्द पाहून ती वस्तू आणायला शिकवलं होतं. "पुस्तक" हा शब्द दाखवला की व्हिक्टर ठरलेल्या खोलीतून पुस्तक आणायचा. एकदा इतारनं ती खोली बंद केली. समोर दुसरी पुस्तकं होती, पण व्हिक्टरला त्यांतलं एकही उचलावंसं वाटलं नाही. त्याच्या लेखी "पुस्तक" म्हणजे त्या खोलीतलं ते एक पुस्तक. इतार खचला, पण मुलाला दोष देऊन थांबला नाही. एका नावाखाली अनेक वस्तू येतात, ही गोष्टच वेगळी शिकवावी लागेल हे त्यानं ओळखलं.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट पहिल्या अहवालात आहे आणि ती मला जास्त प्रिय आहे. धातूची अक्षरं मांडून दूध या अर्थाचा चार अक्षरी फ्रेंच शब्द तयार करायला व्हिक्टर शिकला होता. काही दिवसांनी, रोज ज्या घरी त्याला दूध मिळायचं तिकडे निघताना, कुणी न सांगता त्यानं ती चार अक्षरं खिशात टाकली आणि तिथं पोचल्यावर टेबलावर मांडली. एका जागी शिकलेलं तो दुसऱ्या जागी घेऊन गेला. कारण तिथं त्याला त्याची खरी गरज होती.

1977 साली ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर या दोन अभ्यासकांनी, शिकवलेलं कौशल्य दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासोबत कसं पोचतं यावरचे शेकडो अभ्यास चाळले. त्यांनी शिकवण्याच्या ज्या पद्धती वेगळ्या काढल्या, त्यांतल्या एकीला नाव दिलं "शिकवा आणि आशा करा". एका जागी शिकवायचं आणि बाकी ठिकाणी आपोआप येईल अशी आशा धरायची. मी त्या मुलाच्या बाबतीत हेच केलं होतं. मग आशा सोडून कामाला लागलो. शाळेतल्याच दुसऱ्या, फिरवायच्या नळावर त्याला नेलं. आईनं घरून साबणाची वडी पाठवली. आठवड्यातून दोनदा माझ्याऐवजी मदतनीस मावशी सोबत थांबू लागल्या. आणि घरात व शाळेत शब्द एकच ठेवले. मी म्हणत होते "हात धू", आई म्हणायची "जा, स्वच्छ होऊन ये", आजोबा म्हणायचे "चला, पाणी". मोठ्यांना हे तिन्ही एकच वाटतं, पण त्याच्यासाठी ती तीन वेगळी कोडी होती.

पण मावशी सोबत थांबल्या त्या पहिल्या दिवशी जे घडलं, त्यानं मला आईपेक्षाही जास्त जमिनीवर आणलं. तो त्याच्या रोजच्या नळापाशी, रोजच्या बाटलीपुढे उभा राहिला आणि हललाच नाही. बेसिनवर आरसा होता. मी नेहमी त्याच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे उभी राहत असे. प्रत्येक पायरीनंतर तो आरशात माझ्याकडे बघत असणार आणि मी नकळत मान हलवत असणार. तीच त्याची पुढची सूचना होती. म्हणजे "शाळेत स्वतः करतो" हे माझं वाक्यही पुरतं खरं नव्हतं. तो माझ्या मानेवर करत होता.

म्हणून आता कुणी हा प्रश्न विचारला की मी आधी स्वतःला विचारते, शाळेत करतो म्हणजे नेमकं काय? कुणासोबत, कुठल्या वस्तूनं, किती मदतीनं? शाळेतल्या सहकाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. अहवालात नुसतं "जमतं" लिहू नका. "मनगटाला हलका स्पर्श केल्यावर करतो" असं लिहिलंत तर आईला दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळतं. नुसत्या "जमतं"नं तिला फक्त अपराधी वाटतं.

मदत करण्यात वाईट काही नाही. ती काढून घ्यायचं आपण विसरतो, तिथं घोटाळा होतो. 1976 मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन, मोठं माणूस कशी मदत करतं ते पाहिलं आणि त्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवीच, पण ती उतरवायच्या हिशेबानंच बांधतात. हातावर हात धरून सुरुवात केलीत, तर पुढे मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसतं बोट दाखवणं, मग काहीच न करता थांबणं. तोंडी सूचना सोपी वाटते म्हणून सगळे तीच वापरतात, पण ती काढून घेणं सगळ्यात अवघड जातं. वर्षानुवर्षं "आता पुढे? आता पुढे?" ऐकलेलं मूल त्या आवाजाशिवाय पुढे जातच नाही.

घरच्यांसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटलेली रीत म्हणजे शेवटाकडून शिकवणं. दप्तराची चेन लावायची असेल, तर सगळी तुम्ही लावा आणि शेवटचं बोटभर अंतर त्याला ओढू द्या. ते पक्कं झालं की अर्ध्यापासून त्याच्याकडे द्या, मग सुरुवातीपासून. काम पुरं झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. सुरुवातीपासून शिकवलं तर अवघड भाग त्याच्याकडे आणि शेवट आपल्याकडे राहतो, आणि मूल त्याआधीच कंटाळून उठून जातं.

आणि थांबा. हे मी हात जोडून सांगते. मेरी बड रो या अभ्यासिकेनं 1970 च्या दशकात साध्या वर्गांमध्ये मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. जी मुलं ऐकलेलं समजून घ्यायला आणि हात हलवायला जास्त वेळ घेतात, त्यांना तर त्याहून जास्त द्यायला हवा. आपण विचारतो, मूल विचार करू लागतं, दुसऱ्या सेकंदाला आपण तेच वेगळ्या शब्दांत विचारतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी मनात दहा आकडे मोजते. पहिले काही महिने ते दहा आकडे मला फार जड गेले होते.

आता याच प्रश्नाची उलटी बाजू. कितीतरी आया सांगतात, "घरी वाचतो, शाळेत म्हणतात येत नाही." यावर शाळेत नुसतं हसून मान हलवली जाते, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटते. शाळेत अख्खा वर्ग बोलत असतो, वर पंखा घरघरतो, शेजारचं बाक हलतं, वेळ संपत आलेली असते. घरी तो आईला टेकून बसतो. दोन्हीकडचं खरं असू शकतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ शाळेला दाखवा, आणि शाळेकडूनही तसाच मागा. ऐकीव गोष्टींवर वाद होतात. पाहिलेल्यावर बोलणं पुढे सरकतं. तसंच, शाळेतून आल्या आल्या घरात आरडाओरडा करणारं मूल बरेचदा दिवसभर स्वतःला सावरून दमलेलं असतं. त्या पहिल्या तासात त्याच्याकडून काहीही मागू नये असं माझं ठाम मत आहे.

घराची दुसरी शाळा करू नका, असं मी म्हणते तेव्हा पालक गोंधळतात. आईनं समोर तक्ता ठेवून रोज तासभर धडे घ्यावेत असं मला वाटत नाही. घराकडे शाळेत नसलेली एक गोष्ट आहे. घरात प्रत्येक कामाला खरं कारण असतं. शाळेत मी मुलीला पाच वर्तुळांवर पाच मणी ठेवायला सांगते. घरी ती माणसं मोजून ताटल्या मांडते आणि एक कमी पडली तर कुणीतरी लगेच म्हणतं, "माझी कुठेय?" इतका खरा धडा मला वर्गात देता येत नाही. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं म्हणजे वर्गीकरणच. वाचन अक्षमता असलेल्या मुलाला धडा आधी वाचून दाखवलात, तर अक्षरांशी झगडताना निदान आशय त्याच्या हातून सुटत नाही. हे फसवून पास करणं नव्हे.

एका वेळी एकच कौशल्य घ्या, आणि ते मुलाच्या दिवसात खरोखर येणारं असावं. एखाद्या दिवशी काहीच झालं नाही, तुम्ही थकला होता, तर तो दिवस सोडून द्या. मी सहा तासांनी घरी जाते. तुम्हाला तशी सुट्टी होत नाही, आणि "सराव घ्या" म्हणताना मी हेच विसरले होते.

त्या मुलासाठी मग आम्ही एक वही ठेवली, घर आणि शाळा यांच्यात ये-जा करणारी. आधीच्या वहीत मी "आज लक्ष नव्हतं", "आज चावला" असलंच लिहायचे. ती आई उघडायलाही घाबरायची. नव्या वहीत दोघींनी रोज दोनच ओळी लिहायच्या, काय केलं आणि किती मदत लागली. पुढच्या पाच महिन्यांत मी आरशापासून हळूहळू दाराकडे सरकले, मग दाराबाहेर गेले. घरी एक स्टूल आलं आणि टॉवेलाचा खिळा बेसिनशेजारी आला. नळ बंद करणं आईनं शिकवलं. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं, कारण तिनं फक्त तेच शिकवलं.

मग एकदा सुट्टीनंतर वही आली. ते सगळे नातेवाइकांकडे राहून आले होते. आईनं लिहिलं होतं: "तिथला नळ वेगळाच होता, दांडी वर उचलायचा. त्यानं आधी दाबून पाहिला, मग फिरवून पाहिला, मग माझ्याकडे बघितलं. मी दहा आकडे मोजले. सातव्याला त्यानं दांडी उचलली. मदत: टॉवेल कुठे आहे ते दाखवावं लागलं."