चोच नसलेला पिंगळा

पक्षी दाखवायला मी उत्तराखंडात नेलेल्या गटातले एक काका सकाळपासून मागे लागले होते. "अहो, स्पीकर आहे ना तुमच्याकडे? लावा की पिंगळ्याचा आवाज. दोन मिनिटांत सगळे पक्षी समोर!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कॉलर्ड आउलेट हा हिमालयातला वीतभरही नसलेला पिंगळा. भर दिवसा शिकार करतो, स्वतःएवढा पक्षीसुद्धा उचलतो. त्याची 'पू, पू-पू, पू' अशी शीळ ऐकली की आसपासचे चिमुकले पक्षी त्याला हुसकायला धावतात. ती शीळ वाजवून गिऱ्हाइकांना खूश करणारे गाइड मी पाहिलेत. पण एप्रिल म्हणजे घरट्यांचे दिवस. तेव्हा पाखरांना नसलेल्या शत्रूमागे पळवायचं, तेही फोटोंसाठी? मी नाही म्हटलं. काका रुसले. गिऱ्हाईक रुसलं की माझ्या पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू.

देवरिया ताल उखीमठजवळच्या सारी गावाच्या वर, सुमारे २,४०० मीटरवर आहे. छोटंसं तळं, समोर चौखंबा शिखर, भोवती बांज (ओक) आणि बुरांशचं (ऱ्होडोडेंड्रॉन) रान. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते इथेच, असं गावकरी सांगतात. काकांचेही प्रश्न संपत नव्हते.

नाश्ता चालू असताना सारीचा आमचा सोबती एकदम थबकला. "भैजी, सुनो!" तंबूंमागच्या बांजातून खरीखुरी शीळ येत होती.

आधी ग्रीन-बॅक्ड टिट आले, पाठोपाठ ब्लॅक-थ्रोटेड टिटचा थवा, मग युहिना, सिबिया. खाली झुडपात लाफिंगथ्रशची कुरकुर सुरू झाली. शेवाळलेल्या फांदीवर बसलेल्या त्या मुठीएवढ्या पिंगळ्याभोवती नुसता कल्ला! कुणी त्याला शिवत नव्हतं, पण शेपट्या झटकत, फांद्या बदलत सगळे तारस्वरात शिव्या घालत होते. चहा तसाच गार झाला. काकांचा कॅमेरा तर थांबेचना. "माझ्याकडेच बघतोय हो!"

जेवताना ते फोटो बघत बसले होते. मधेच ओरडले, "अहो, याला चोचच नाही!"

मी पाहिलं. सगळ्या फोटोंत पिंगळ्याची मान मागून आली होती. त्याच्या मानेवर डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात. मागून झडप घालणाऱ्याला हा आपल्याकडेच बघतोय असं वाटावं म्हणून ते असावेत, असं अभ्यासक मानतात. काका पुरते फसले होते.

दुपारी मोनाल पक्षी बघायला जवळच्या चोपत्याला निघायचं होतं. काका खुर्ची उचलून बांजाकडे निघाले. "तुम्ही व्हा पुढे. मला याची चोच हवीये."

चोपता दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं.